हुरडा पार्टीआधीचे दोन तास : हिवाळी अधिवेशनाला नागपुरात येणाऱ्यांना खुले पत्र

विधानसभा आणि विधान परिषदेचे सन्माननीय सदस्य, त्यांचे स्वीय सहायक, मंत्रालयातून फायलींचे गठ्ठे घेऊन येणारे अधिकारी आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून बंदोबस्ताला येणारे पोलीस, सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी नागपूरच्या महाल या जुन्या भागात राहते. चौतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. हे निवेदन नाही आणि मागणीपत्रही नाही. मोर्चा घेऊन मी काही येणार नाही, कारण गुडघे आता साथ देत नाहीत. गेल्या डिसेंबरात संत्रा बर्फीच्या दुकानात तुमच्यापैकीच एका गृहस्थांनी मला एक प्रश्न विचारला होता. त्यांच्या गळ्यात अधिवेशनाचा पास होता आणि हातात चार डबे. बिल होईपर्यंत वेळ होता म्हणून त्यांनी विचारलं, "बाई, इथं बघायला काय आहे हो?"

मी म्हटलं, दीक्षाभूमी.

"झालं."

फुटाळा तलाव?

"कालच झालं."

टेकडीचा गणपती?

"उतरल्या उतरल्या. म्हणजे बाकी काही नाही, असंच ना?"

डबे घेऊन ते गेलेसुद्धा. मला उत्तर सुचलं ते इतवारी ओलांडून घराजवळ आल्यावर. हे पत्र म्हणजे ते उत्तर, वर्षभर उशिरा दिलेलं.

१९५३ च्या नागपूर करारामुळे तुम्ही दरवर्षी इथं येता. चार दिवस असा नाहीतर दोन आठवडे, तुमचा कार्यक्रम आम्हा नागपूरकरांना पाठ आहे. एक दिवस सावजी, एक दिवस कोणाच्या तरी शेतावर हुरडा, शनिवार-रविवार जोडून आला तर ताडोबा, आणि परतताना संत्र्याची पेटी. यात माझी काही तक्रार नाही. हुरडा खायलाच हवा आणि वाघही दिसायला हवा. पण एका संध्याकाळी हुरड्याआधीचे दोन तास मला द्या, एवढंच मागणं आहे.

सुरुवात अशा जागेपासून करू या, जिथं तुम्हाला गाडीही काढावी लागणार नाही. विधानभवनापासून चालत जाण्याच्या अंतरावर मध्यवर्ती संग्रहालय आहे. रिक्षावाल्याला हे नाव सांगून उपयोग नाही, 'अजब बंगला' म्हणा. १८६१ साली मध्य प्रांत झाला आणि १८६३ साली हे संग्रहालय सुरू झालं. पेंढा भरलेले प्राणी आणि पक्षी पाहायला तेव्हा गावोगावचे लोक यायचे, म्हणून ते लोकांच्या तोंडी 'अजब' झालं. मी शाळेच्या पोरांना दरवर्षी वही-पेन्सिल देऊन तिथं नेत असे. पोरं प्राण्यांपुढे ठाण मांडायची, आणि मी त्यांना ओढत शिल्पांच्या दालनात न्यायची.

तुम्हाला ओढायला कोणी नाही, म्हणून सांगते. दगडी मूर्तींपुढे जरा वेळ थांबा, आदिवासी दालनात थांबा, चित्रांच्या दालनात थांबा. आणि गुंगेरियाचं तांबं विचारा. १८७० साली बालाघाटकडच्या त्या गावात गुरं राखणाऱ्या पोरांना जमिनीत पुरलेला ठेवा सापडला. त्यात तांब्याची ४२४ हत्यारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे होते. तो निरनिराळ्या संग्रहालयांत वाटला गेला, त्यातला काही भाग इथं आहे. तांब्याच्या त्या कुऱ्हाडींची कड कशी बाहेर पसरत गेलीय ते नीट बघा. धार लावायची म्हणून ठोकलेली असेलही, पण ठोकणाऱ्याला आकाराचं भान होतं. एका वर्षी बंदोबस्ताला आलेले तीन हवालदार मला तिथं भेटले, साताऱ्याकडचे. त्यांतल्या एकानं कुऱ्हाड पाहून म्हटलं, "आमच्या सुताराला दाखवायला पायजे." इतकी नेमकी दाद मला कुठल्याही उद्घाटनाच्या भाषणात ऐकायला मिळालेली नाही. संग्रहालय सोमवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

आमदार निवासात उतरणाऱ्यांच्या तर अगदी शेजारी दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे. हे केंद्र १९८६ सालचं. महाराष्ट्रासह आजूबाजूच्या राज्यांच्या लोककलांसाठी केंद्र सरकारनं ते काढलं. तिथं कलादालन आहे, आणि हिवाळ्यात ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळा भरतो. मेळ्यात गर्दी असते, खाण्याचे स्टॉल असतात, मागे ढोल वाजत असतो. मेळा चांगलाच आहे. पण तिथं कारागीर आपलं गाव सोडून आलेला असतो. त्याच्या हाताला स्वतःच्या घरचा उजेड मिळत नाही. तो उजेड बघायचा तर गल्लीतच जायला हवं.

तर आता चितारओळी.

झिरो माइलला मेट्रोत बसा. जाता जाता शून्य मैलाच्या खांबाशेजारचे चार घोडे बघून घ्या, लोक फोटो खांबाचे काढतात आणि घोड्यांकडे पाठ करतात. सीताबर्डीला गाडी बदला आणि पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत बसा. पाचव्या स्टेशनचं नावच चितारओळी चौक. मला या एका गोष्टीचा फार आनंद आहे. शहरभर पुढाऱ्यांची नावं देण्याच्या काळात एका स्टेशनला मूर्तिकारांच्या गल्लीचं नाव मिळालं. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून चितारी लोकांची ही वस्ती, म्हणून चितारओळी. महालात, बडकस चौकाजवळ.

आता खरं सांगते. तुम्ही येता तो महिना या गल्लीचा झोपेचा असतो. गणपती गेलेले, दुर्गा गेलेली. दिव्यांखाली ओळीनं उभ्या मूर्ती, रंगाचे डबे आणि रात्री दोन वाजेपर्यंतची लगबग पाहायची तर श्रावण-भाद्रपदात यावं लागतं. म्हणून एका ओळखीच्या मूर्तिकाराला मी विचारलं, डिसेंबरात पाहुणे आणले तर काय दाखवशील? तो म्हणाला, "आता काय राह्यते बाई इथं? सरस्वतीचं काम सुरू हाय, वसंत पंचमीचं. बाकी साचे धुनं. पन आना ना, बसतील जी घडीभर."

घडीभर बसा. मला तर वाटतं, बघायला हाच महिना जास्त चांगला. भाद्रपदात फक्त देव दिसतो, डिसेंबरात काम दिसतं. बांबूच्या कमट्यांचा सांगाडा, त्यावर सुतळीनं आवळून बांधलेलं तणस. डोकं नसतं, तळहात नसतात, पण बसण्याची ऐट तेवढ्यातही कळते. सांगाड्यात कंबर नीट बसली नाही तर वर कितीही माती लिंपा, मूर्ती पोक काढूनच बसणार. मग कोंडा मिसळलेली जाडी माती. ती सुकताना भेगा पडतात, त्या पातळ मातीत बुडवलेल्या कापडाच्या पट्ट्यांनी बुजवायच्या. मग चाळलेली माती. बोटं वेगळी करून लावतात. नाकाची उंची अंगठ्यानं बघतात, मापपट्टी मी तिथं कधी पाहिली नाही.

डोळे सगळ्यात शेवटी. आखणीला बसायच्या आधी तो चहा पीत नाही. बारीक ब्रश, मनगट दुसऱ्या हातावर टेकवलेलं. नाकाच्या बाजूनं बाहेर, एका दमात वरची पापणी. मधे ब्रश उचलायचा नाही. त्या चार-पाच सेकंदांत त्याची बायको हातातलं भांडंसुद्धा वाजवत नाही. रेघ पूर्ण झाली की तो मान मागे घेऊन बघतो आणि मगच श्वास सोडतो. "डोया चुकला का सारं चुकलं," म्हणतो. एवढी वर्षं मी पोरांना रेघ कशी मारायची ते शिकवलं, एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसवलं. पण रेघ मारताना श्वास धरायचा असतो, हे मी त्याच्याकडून शिकले, तेही पन्नाशीत.

पीओपीच्या, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचा वाद तुम्हाला सभागृहातून ठाऊक आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सूचनाही ठाऊक असतील. तोच वाद एकदा या ओसरीत बसून ऐका. पीओपी साच्यात ओतलं की काही मिनिटांत घट्ट होतं. मातीची मोठी मूर्ती वाळायला पावसाळी हवेत आठवडे जातात. ती जड असते, वाहतुकीत बोट तुटलं तर पैसे कापले जातात, आणि गिऱ्हाईक तिची तुलना बाजूच्या चकचकीत, हलक्या, स्वस्त मूर्तीशी करतं. मातीवाल्याच्या बाजूनं नियम केला तरी त्याला माती ठेवायला आणि मूर्ती वाळवायला छप्पर लागतं. मी मागणीपत्र लिहीत नाही म्हटलं, म्हणून इथंच थांबते.

चितारओळीतून बाहेर पडलात की महाल आहेच. भोसल्यांचा राजवाडा काळ्या दगडाचा होता आणि त्यावर लाकडी कोरीव काम होतं. १८६४ साली तो जळाला, मागे उरला तो नगारखाना. रुक्मिणीच्या देवळाचे कोरीव दगड बघा. बाकी महालात मान वर करून चाला, एवढं पुरे. एखाद्या जुन्या वाड्याची कोरलेली तुळई मोबाईलच्या दुकानाच्या पाटीमागून डोकावताना दिसेल.

आता आमच्या दोन गोष्टी, ज्या तुम्हाला डिसेंबरात दिसणारच नाहीत, पण माहीत असायला हव्यात. एक तर तुमच्याशी थेट संबंधित आहे.

पहिली तान्ह्या पोळ्याची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथली लहान पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार फिरतात आणि घरची माणसं त्यांना बोजारा देतात. पैसे, खाऊ, जे असेल ते. ही रीत दुसऱ्या रघुजी राजांनी सुरू केली असं सांगतात. हातात मावणाऱ्या बैलापासून पोराला वर बसता येईल अशा बैलापर्यंत सगळे आकार मिळतात. खाली चाकं, गळ्यात घुंगरू, पाठीवर झूल. माझ्या वडिलांचा बैल माझ्याकडे आहे. त्याचा मागचा डावा पाय दोनदा तुटला आणि दोनदा फेव्हिकॉलनं चिकटवला. शिंगांचा मूळ रंग कोणता होता ते आता कोणालाच आठवत नाही, कारण दर वर्षी घरातलं कोणी ना कोणी त्याला रंगवतं आणि शेजारच्यापेक्षा आपला बैल उठून दिसावा म्हणून नवा रंग शोधतं. माझ्या नातवानं गेल्या वर्षी त्याला निळा केला. निळा बैल! मी आधी कपाळाला हात लावला, मग मुकाट्यानं ब्रश धुऊन दिला. बाहेरचे लोक याला खेळणं म्हणतात. मला विचाराल तर आमच्याकडे शिल्पाशी ओळख अशीच होते. संग्रहालयात हात लावू देत नाहीत, इथं पहिल्या दिवसापासून गळ्यात दोरी बांधून ओढत न्यायला मिळतं.

दुसरी मारबत. त्याच दिवशी निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, इतवारीतली. पिवळी १८८५ पासूनची, जागनाथ बुधवारीतली. बांबू, कागद आणि कापड यांचे प्रचंड पुतळे. लोक त्यांना नवस बोलतात, लेकरांना त्यांच्या पायाशी टेकवतात आणि "इडा-पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत" म्हणत नेऊन जाळतात. एकाच पुतळ्याची पूजा करायची आणि त्यालाच गावाबाहेर घालवून जाळायचं, हे पाहुण्यांना समजावून सांगताना माझी दर वेळी तारांबळ उडते. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांशी हातमिळवणी केल्याच्या रागातून दुसऱ्या रघुजींच्या राणी बांकाबाई भोसल्यांशी जोडतात.

या मिरवणुकीत बडगे असतात. बडग्या म्हणजे त्या वर्षी ज्याच्यावर लोकांचा राग असेल त्याचं सोंग. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, आणि सदस्यहो, कधी कधी तुमच्यातल्याच कोणाचा बडग्या. तो तयार करायला महिनाभर जातो. नाक किती लांब ठेवायचं यावर रात्री वाद होतात. राजकीय व्यंगचित्र वर्तमानपत्रातून आटत चाललंय असं म्हणतात. इतवारीत ते दर पोळ्याला पंधरा फुटांचं होऊन रस्त्यावर चालतं. एकदा तरी या दिवशी, बिनलवाजमा, टोपी घालून गर्दीत उभे राहा. आपला बडग्या स्वतः बघितलेला आमदार मला अजून भेटायचाय.

बडग्याच्या गळ्यातल्या पाट्या मी नेहमी वाचते. माझा एक जुना विद्यार्थी त्या लिहितो. त्याचं नाव देत नाही, त्याला आवडणार नाही. चित्रकलेत बरा होता, अक्षरात मात्र अव्वल. दहावीनंतर पेंटर झाला. दुकानांच्या पाट्या, शाळांची नावं, ट्रकच्या मागची वाक्यं, आणि निवडणूक आली की भिंती. पहिल्या वर्षी मी त्याचं काम बघायला गेले होते. त्यानं दोरीला निळी पूड चोळली, दोन टोकं ताणली, मधे चिमटीत धरून सोडली, आणि फट्कन भिंतीवर सरळ रेघ उमटली. दोन रेघांच्या मधे खडूनं अक्षरांची जागा धरली. मग ऑइल पेंट. आधी काने, मग गोलाई, मग मात्रा-वेलांट्या, आणि शिरोरेघ सगळ्यात शेवटी, डावीकडून उजवीकडे, शिडीवरून सरकत सरकत. मी विचारलं, रेघ आधी का नाही मारत, वहीत तर आपण आधी मारतो? तो म्हणाला, "बाई, घर बांधल्यावरच स्लॅब टाकते ना."

मग फ्लेक्स आला. आता तो एका डिजिटल प्रिंटिंगच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसतो. चार चेहरे वर, आठ चेहरे खाली, मधे हात जोडलेले, 'हार्दिक स्वागत'. एक फ्लेक्स पंधरा मिनिटांत होतो. गेल्या अधिवेशनात मी घरापासून झिरो माइलपर्यंत ऑटोनं जाताना तुमच्या स्वागताचे फ्लेक्स मोजत गेले. चौसष्टपर्यंत मोजले आणि मग ऑटोवाला माझ्याकडे आरशातून बघायला लागला म्हणून सोडून दिलं. चौसष्ट फ्लेक्स आणि हाताचं एक अक्षर नाही. आता पोळा आला की बडग्यांच्या चार पाट्या लिहायला तो ब्रश बाहेर काढतो. मागच्या वर्षी म्हणाला, "हात जड झाला बाई, पहिली पाटी फेकून देतो मी आता."

शहराच्या भिंती हल्ली रंगतात, हे खरं आहे. २०२३ च्या मार्चमध्ये सी-२० ची, म्हणजे जी-२० मधल्या नागरी संस्थांच्या गटाची बैठक होती तेव्हा तर फारच रंगल्या. चित्रकलेच्या पोरांना काम मिळालं, चांगलं झालं. पण प्रत्येक भिंतीवर वाघ आणि संत्री. वाघ आणि संत्री! मधे एखादं मेट्रोचं इंजिन. मी चालत जाताना खाली कोपऱ्यात सही शोधते. क्वचितच सापडते. रंगवणाऱ्याचं नाव लिहायला एक इंच भिंत पुरते.

हातमागाचं थोडक्यात सांगते, कारण त्यातलं पुष्कळ आता सांगण्यापुरतंच उरलं आहे. १८७७ साली इथं टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पण त्याच्या कितीतरी आधीपासून हलबा-कोष्टी विणकरांचं हे गाव. माझ्या लहानपणी पाचपावलीकडे जाताना घराघरातून मागाचा खटखट आवाज यायचा, आता कान द्यावे लागतात. घरच्यांसाठी काही न्यायचं असेल तर करवतकाठी साडी मागा. टसरचं अंग, आणि काठाला करवतीच्या दातांसारखी नक्षी. ती छापलेली नसते. दोन काठांना दोन आणि मधल्या अंगाला एक, असे तीन धोटे चालवून काठ आणि अंग जागोजाग एकमेकांत गुंतवतात. खरी आहे का ते बघायचं तर काठ उलटा करून बघा, दात दोन्ही बाजूंनी सारखे स्वच्छ दिसले पाहिजेत. भंडारा-गोंदियाकडचे आमदार हसतील की ही आमची साडी नागपूरवाली कशी सांगते. तुमचीच आहे, भाऊ. म्हणून तर म्हणते, तुम्हीच आधी नेसवा घरी.

आजच्या चित्रकारांचं काय, असं कोणी विचारेल. शासकीय चित्रकला महाविद्यालय आहे, तिथलं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. लोकमत भवनात जवाहरलाल दर्डा कलादालन आहे. चंद्रकांत चन्ने यांच्या बसोली ग्रुपनं लहान मुलांच्या हातात रंग देऊन नागपूरच्या कितीतरी घरांत चित्रकला नेली. माझ्या वर्गातल्या काही पोरांना कागदावर घाबरू नये हे मी नाही, बसोलीनं शिकवलं. भाऊ समर्थांसारखा चित्रं काढणारा आणि तितकंच मनापासून लिहिणारा माणूस याच शहरात राहून गेला. अडचण चित्रकारांची नाही, गिऱ्हाइकांची आहे. इथं प्रदर्शन बघायला लोक येतात, अभिप्रायाच्या वहीत 'अप्रतिम' लिहितात आणि चहा पिऊन जातात. मीही त्यांतलीच. पेन्शनमध्ये दोन चित्रं घेतली आहेत आयुष्यात, तीही हप्त्यानं.

आणि दीक्षाभूमी 'झाली' म्हणणाऱ्या त्या गृहस्थांसाठी एक ओळ. स्तूप बघून झाला असेल. पण जिथं १४ ऑक्टोबर १९५६ ला एवढा मोठा बदल घडला, तिथं धम्मचक्र प्रवर्तन दिनाला या आणि लोक काय विकत घेऊन घरी जातात ते बघा. पुस्तकं, आणि मूर्ती. बुद्धाच्या, बाबासाहेबांच्या, प्लास्टरच्या, फायबरच्या, तळहाताएवढ्या आणि कमरेएवढ्या. कोणी एक बुद्ध कापडात गुंडाळून, छातीशी धरून रेल्वेच्या जनरल डब्यात चढत असतो. राज्यातल्या कुठल्याही कलादालनातून इतकी शिल्पं एका दिवसात गरिबांच्या घरी जात नसतील.

शनिवार-रविवार मोकळा मिळाला आणि ताडोबाचं बुकिंग झालं नाही, तर रामटेकला जा. वाकाटकांच्या काळातलं केवल नरसिंहाचं देऊळ आहे, आणि वाटेवरच मनसरचं उत्खनन. काटोल रोडनं गेलात तर जुनापाणीला दगडांची वर्तुळं आहेत, माणसांनी आपले मेलेले जपण्यासाठी मांडलेली. आणि ज्यांना रात्र जागवायची ताकद आहे त्यांनी सरळ वडसा गाठावं. तुमचं अधिवेशन असतं तेव्हा झाडीपट्टीचा, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांचा हंगाम भरात असतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या निमित्तानं गावात तंबू लागतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा मुंबईत अनेकांनी 'झाडीपट्टी' हा शब्द पहिल्यांदा ऐकला असेल. तिथल्या पडद्यावरचा रंगवलेला राजवाडा बघा. आमच्याकडे पेंटरला अजून काम मिळतं ते त्या बाजूला.

तर दोन तास आणि एक फ्लेक्स, एवढं मी मागते. दोन तास कुठं घालवायचे ते वर आलंच आहे. फ्लेक्सचं असं की, तुमच्या स्वागताचे जे शेकडो फलक यंदा लागतील, त्यांतला आपल्या नावाचा एक, फक्त एक, कार्यकर्त्याला सांगून हातानं लिहून घ्या. कापडावर घ्या किंवा पत्र्यावर. पंधरा मिनिटांत होणार नाही, दोन दिवस लागतील. पैसे थोडे जास्त पडतील. फोटो येणार नाही, नाव मात्र लांबून वाचता येईल. लिहिणारा कोण ते शोधायची गरज पडली तर चितारओळीत कोणालाही 'ड्रॉइंगच्या बाई' विचारा. मी त्याला निरोप देईन. हात जड झालाय म्हणतो, पण दुसऱ्या पाटीला सुटतो.

मी शनिवारी सकाळी आठला नगारखान्यापाशी असते. सोबत दोन-चार जण असतातच, कोणी स्केचबुक घेऊन, कोणी नुसते. ताफा मागे ठेवून या, गल्लीत गाडी वळत नाही. फिरून झालं की तर्री पोहे माझ्याकडून. तर्री मात्र वेगळ्या वाटीत मागून घ्या, मुंबईकडच्यांना पहिल्याच घासाला ठसका लागतो.

आपली,
महालातली एक निवृत्त ड्रॉइंग टीचर